तात्या लोके शाळेचं स्थळ बघतात

हरिश्चंद्र लोके, म्हणजे आमच्या गावाचे तात्या, यांनी आयुष्यात किती लग्नं जुळवली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मिठबावपासून वालावलपर्यंत कुठल्याही वाडीचं नाव काढा, तिथं तात्यांनी दिलेली नाहीतर तात्यांनी आणलेली एखादी मुलगी नांदत असायची. हा त्यांचा धंदा नव्हता. धंदा म्हटलं तर त्यांना राग येई. नारळाची बाग होती, हापूसची कलमं होती, खायची ददात नव्हती; आणि खायची ददात नसलेल्या माणसाला आमच्याकडे दोनच उद्योग असतात, कज्जे आणि सोयरिकी. थोरल्या भावानं कज्जे आधीच घेतलेले असल्यामुळे तात्यांच्या वाट्याला सोयरिकी आल्या.

त्यांची स्थळ बघायची रीत ठरलेली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. पाहुणे म्हणून गेले की ते पुढच्या पडवीत बसतच नसत. तडक मागीलदारी जायचं, बावीतून आपल्या हातानं कळशी ओढायची, ओंजळभर पाणी पिऊन तोंडात घोळवायचं. मग गोठा. गोठ्यात दुभत्या म्हशीकडे ते बघतही नसत. म्हातारा बैल कुठं बांधलाय आणि त्याच्यापुढं काय टाकलंय ते बघत. मग चूल, मग माजघर, मग त्या गावच्या न्हाव्याकडे सहज बसून गप्पा. नवऱ्या मुलाला मात्र शेवटी, निघताना वहाणा घालता घालता बघत. "झील काय, सगळ्यांचे सारकेच असतत," असं ते मला एकदा म्हणाले होते. "घर बघूचा."

मी आमच्या मिठबावच्या सातवीपर्यंतच्या शाळेचा हेडमास्तर. नाव शंकर, पण ते कुणी वापरत नसे, सगळे 'मास्तर'च म्हणत. तात्या स्थळ बघायला निघाले की मला ओढून नेत, कारण एकट्यानं जाऊ नये असा त्यांचा नियम होता, आणि माझ्या अंगात कोट असल्यामुळे समोरच्यावर वजन पडतं अशी त्यांची समजूत होती. कोट एकच होता आणि कोपरावर विरलेला होता. तरी वजन पडायचं.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, रुक्मिणीला, त्यांनी घाटाखालच्या फोंड्याजवळच्या एका गावात दिली ती याच रीतीनं. बावीचं पाणी गोड, भाताची कोठारं भरलेली, म्हातारा बैल टुणटुणीत. असं स्थळ पुन्हा बघायला मिळालं नाही, असं तात्या चारचौघांत सांगत. रुक्मिणीच्या सासरच्या गावात शाळा चौथीला संपायची, म्हणून तिनं आपली मुलगी सुगंधा शिकायला आजोळी ठेवली आणि ती माझ्या हाताखाली आली. ही पोरगी रोज संध्याकाळी तात्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि वाचता वाचता मधेच स्वतःचं मत घाली. त्यामुळे आमच्या वाडीत बराच काळ असा समज होता की मुंबई सरकारवर सडकून टीका करणारं ते एकच वर्तमानपत्र आहे.

अठ्ठावन्न साली सुगंधा सातवीच्या परीक्षेत केंद्रात पहिली आली. पुढं काय, हा प्रश्न पडला. जवळचं हायस्कूल दोन खाड्या ओलांडून; पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे शाळा बंद. तेव्हा घाटावर एखाद्या चांगल्या शाळेत, बोर्डिंगात ठेवावी असं मी सुचवलं. तात्यांनाही ते पटलं. पण तिच्या वडिलांकडच्या आजोबांनी, म्हणजे रुक्मिणीच्या सासऱ्यांनी, निरोप पाठवला: "मिरगाच्या आदी काय तो निकाल लावा. शाळा मिळाली तर बरा. नायतर चेडू घराक धाडा, लावणीक हात होयो. आणि तात्यांसारखो जाणतो आजो असताना तिका थळ काय कमी पडतला?"

तेरा वर्षांची मुलगी. लावणीला हात आणि पाठोपाठ स्थळ. निरोपाचा हा अर्थ मला लगेच कळला. तात्यांना त्यातलं फक्त 'जाणतो' एवढंच ऐकू आलं आणि ते प्रसन्न झाले.

"काय काळजी करू नको," ते सुगंधाला म्हणाले. "आजो तुज्यासाठी असां थळ बघतलो, की बघीत ऱ्हवशीत."

"शाळा हो, आजोबा," सुगंधा म्हणाली.

"तांच."

पहिलं स्थळ कोल्हापूरचं. एप्रिलच्या अखेरीस आंब्याची पेटी घेऊन आम्ही दोघे एस.टी.नं घाट चढलो. ती शाळा स्वतंत्र बाण्याची म्हणून नाव होतं. सरकारची दिडकी घेत नाही, दिवसाच्या मुली वेगळ्या, राहणाऱ्या वेगळ्या, शिस्त कडक. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर घोड्यावर बसलेल्या एका मुलीचा फोटो होता. प्राचार्य टाय लावून बसले होते. आंब्याची पेटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि टेबलाखाली पायानं ढकलून ठेवली.

"आमच्याकडे विद्यार्थिनीचा सर्वांगीण विकास होतो," ते म्हणाले.

तात्या अशा ठिकाणी कचेरीतली मराठी बोलत, आणि ती बोलताना त्यांची मान आपोआप ताठ होई. "आपलं मूळ गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

"सातारा."

"आणि आपलं आजोळ?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोट सारखा केला. त्यांनी निमूटपणे आजोळ सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मुलगी कुठं आहे?"

"मुलीला पहिल्या फेरीला आणत नाहीत," तात्या म्हणाले.

"मग प्रवेश परीक्षा कुणाची घ्यायची?"

"आधी आम्ही आपली घेतो. पसंत पडलात तर मग आपण तिची घ्या."

प्राचार्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना असं सांगत असावं. ते इतके गोंधळले की आम्हाला सगळं दाखवायला स्वतः उठले. सभागृह दाखवलं, देणगीदारांच्या तसबिरी दाखवल्या, कपाटातले चांदीचे पेले दाखवले. तात्या प्रत्येक वस्तूपुढं एक क्षण थांबत आणि म्हणत, "हे छान आहे. मागची बाजू बघू."

मागच्या बाजूला स्वयंपाकघर होतं. तिथं तात्यांनी आचाऱ्याला आठवड्यात मासे किती वेळा, असं विचारलं. आचारी म्हणाला, मटण रविवारी. मासे नाहीत, मुलींना काटे लागतात. तात्यांच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा पसरली की आचाऱ्यालाच कानकोंडं झालं. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली, माहितीपत्रकातला घोडा उभा होता. फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा असावा. घोड्याच्या फासळ्या मोजता येत होत्या, पुढ्यात वाळकं गवत, तेही ओलं झालेलं. शिपाई म्हणाला, "म्हातारा झालाय हो. काढून टाकायचाय. पण पाहुण्यांना दाखवायला बरा."

तात्या वळले ते थेट फाटकाकडे. तिथून एस.टी.त.

"म्हाताऱ्या जनावराक असा ठेवतत," मग ते म्हणाले, "थंय माजा चेडू देवचा नाय."

माझा संताप झाला. सभागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं एका घोड्यावरून बाद! पण खरं सांगायचं तर त्या घोड्याचे डोळे मलाही दोन दिवस दिसत होते, आणि तात्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवेना. त्यामुळे संताप आणखी वाढला.

दुसरं स्थळ बेळगावचं, कॉन्व्हेंट. इथं तात्यांनी निघण्यापूर्वीच शंका काढली. बेळगाव दीड वर्षापूर्वी म्हैसूर राज्यात गेलं होतं, सभा, मोर्चे, सगळीकडे तोच विषय. परराज्यात मुलगी द्यायची कशी, हा त्यांचा सवाल. "उद्या वाट बंद केल्यानी, तर दिवाळसणाक तिका हाडूची कशी?"

"दिवाळसण जावयाचा असतो, तात्या. शाळेचा नसतो."

"तुमी मास्तर, तुमका घरातलां काय कळता?" ते म्हणाले, पण आले.

आणि बेळगावात चमत्कार झाला. तिथल्या मदर मूळच्या गोव्याच्या, बार्देशातल्या निघाल्या. तात्यांनी कचेरीच्या मराठीत मान ताठ करून आजोळ विचारलं, त्यांनी कोंकणीत सांगितलं, आणि तात्यांची मान सैल पडली. मग अर्धा तास त्या दोघांनी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं केव्हा घालायची यावर चर्चा केली. मी आणि एक तरुण सिस्टर शेजारी बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. बुधवारी आणि शुक्रवारी मासे. चूल लखलखीत. विहिरीचं पाणी तात्यांनी घोळवून गिळलं आणि पुन्हा मागितलं. धर्माचं कसं, हे त्यांनी आडून विचारलं. मदर म्हणाल्या, तिची प्रार्थना तिनं करावी, आमची आम्ही करतो. ओसरीवर एक आंधळा कुत्रा झोपला होता. एका सिस्टरनं येऊन त्याचं पाणी बदललं आणि त्याच्या डोक्यावर हात फिरवून गेली. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मदर म्हणाल्या, मुलीला लवकर घेऊन या, जागा थोड्या उरल्यात, आजच नाव घातलंत तर धरून ठेवते.

तात्या उठले. दोन्ही हात जोडले. "घरात विचार करून कळवतो," म्हणाले, आणि चालू लागले.

फाटकाबाहेर मी त्यांना अक्षरशः धरलं. "अहो, हो का नाही म्हणालात?"

"मास्तरांनू," तात्या समजुतीनं म्हणाले, "पयल्या बैठकीक व्हय म्हटलां, तर आपल्या चेडवाची किंमत ती काय ऱ्हवली? आता गप बसायचा. तेंचो माणूस येतलो."

"कुणाचा माणूस?"

"बेळगावचो."

मी रस्त्यातच समजावलं, एस.टी.त समजावलं, आंबोलीच्या वळणांवर उलटी होत असतानाही समजावलं. उपयोग झाला नाही. मुलीकडच्यांनी बघून यायचं आणि पसंत असेल तर वरपक्षानं निरोप धाडायचा, ही रीत त्यांनी जन्मभर पाळली होती. बेळगावच्या मदर बार्देशातल्या, म्हणजे घरंदाज, म्हणजे त्यांना रीत ठाऊक असणारच.

मे महिना त्या माणसाची वाट बघण्यात गेला. तात्यांच्या घरी आनंदीकाकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, त्या माणसासाठी फणसाची साठं राखून ठेवली, आणि आम्ही कुणी हात लावला की ओरडू लागल्या. बाहेरच्या खोलीतली सतरंजी धुतली गेली. येणारा-जाणारा विचारी, "बेळगावचो माणूस इलो?" आणि तात्या म्हणत, "येतलो, येतलो. घाई दाखवची नसता."  मला रस्त्यात गाठून सुगंधा एकदाच म्हणाली, "मास्तर, मिरग सातला लागतो ना?" वर्तमानपत्र ती वाचत होती, पण मधे स्वतःचं मत घालणं तिनं सोडून दिलं होतं. वाडीला सरकार एकदम चांगलं वाटायला लागलं.

शेवटी मीच गुपचूप बेळगावला पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं की जागा भरल्या, पुढल्या वर्षी प्रयत्न करावा. मी ते तात्यांच्या पडवीत वाचून दाखवलं.

तात्यांनी हातातलं पान तसंच तबकात ठेवलं. "नाकारल्यानी," ते हळू म्हणाले. मग आवाज चढला. "चेडू बघल्याशिवाय नाकारतत? रंग कसो, ता तरी इचारल्यानी?"

माझा तोल गेला. "तात्या, शाळा म्हणजे काय नवरा मुलगा आहे?"

"मगे काय आसा?" त्यांनी विचारलं.

आणि अर्धं आयुष्य शाळेत घालवलेल्या मला, देवाशपथ, तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. पडवीतली चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कोटाच्या खिशात हात घातले आणि घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी रुक्मिणी आली. सासऱ्यांनी तिला मुलीला न्यायला पाठवलं होतं. मी तिला तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिशी नुकतीच उलटलेली, पण आनंदीकाकींच्या शेजारी बसली तेव्हा कोण आई आणि कोण लेक हे पाठमोऱ्यांना ओळखता आलं नसतं. पाण्याचा तांब्या घेताना तिचे तळवे दिसले. दोरानं घट्टे पडून ते लाकडासारखे झाले होते. त्या घरची बाव गोड्या पाण्याची होती खरी. ओढायला ती एकटीच होती.

सासऱ्यांनी सांगितला तसा निरोप तिनं सांगितला. कुडाळच्या बाजूला एक स्थळ आहे, वय थोडं जास्त, पण घर कौलारू, शेती बख्खळ. तात्यांनी जाऊन एकदा नजरेखालून घालावं, म्हणजे झालं.

आणि काय सांगू, मघापर्यंत तोंड पाडून बसलेले तात्या ताठ झाले! नाकारल्याचं दुःख कुठल्या कुठं गेलं. त्यांनी धोतराचा सोगा सावरला. "घर बघूक होया," म्हणाले. "बाव कशी काय आसा, काय अंदाज?" इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली नव्हती. मला त्या क्षणी तो माणूस नकोसा झाला. सुगंधा मागच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

रुक्मिणीनं तांब्या खाली ठेवला. "आदी शाळा बघूया, बाबा," ती म्हणाली. "मास्तरांनू, आणखी एखादी ऱ्हवली आसा?"

एक उरली होती. राधानगरीच्या पुढं एका बाजाराच्या गावात सुशीलाबाई म्हणून एका विधवा बाईनं काढलेली. पत्रानं फीचं बोलून ठेवलं होतं, पण मी ती मुद्दाम सांगितली नव्हती, कारण तात्यांच्या परीक्षेत ती कशी उतरेल याची मला कल्पना होती.

"आपण सगळी जावया," रुक्मिणी म्हणाली. "चेडू आणि मी पण."

"चेडवाक पयल्या फेरीक..." तात्यांनी सुरुवात केली.

"दुसरी फेरी होवची नाय, बाबा." आणि तिनं सुगंधाची ट्रंक भरायला घेतली.

सुशीलाबाईंची शाळा नवऱ्याच्या जुन्या तेलघाण्याच्या गोदामात होती. ती स्वतंत्र होती, पण कोल्हापूरच्या शाळेसारखी बाण्यानं नव्हे. बाईंचं आजवर आलेल्या प्रत्येक शिक्षण-निरीक्षकाशी भांडण झालं होतं, म्हणून अनुदान मिळत नव्हतं. गावातल्या मुली दिवसा येऊन शिकत आणि लांबच्या वीस-बावीस मुली माळ्यावर राहत. भिंतींना अजून पेंडीचा वास होता. आम्ही गेलो तेव्हा बाई एका सुताराला ओरडत होत्या आणि आम्हाला बघून त्यांनी आवाज कमी केला नाही.

"मुलगी कुठली? तू? ये इकडं," असं म्हणून त्या सुगंधाला आत घेऊन गेल्या. तात्यांना आजोळ विचारायची संधीच मिळाली नाही.

मग तात्या मागीलदारी गेले. मी मागोमाग गेलो, कारण संकट डोळ्यांनी बघितलेलं बरं. विहिरीचं पाणी जड होतं. त्यांनी ते घोळवलं आणि थुंकलं. चूल धुरकट. आमटी पातळ. मासळी या गावात कधी कुणी बघितलेली नव्हती. गोठा नव्हताच, त्यामुळे म्हातारा बैल असण्याचा प्रश्न नव्हता. तात्या प्रत्येक ठिकाणी मान हलवत पुढं सरकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर लावणीच्या चिखलात वाकलेली सुगंधा दिसत होती. परत येऊन ते बाईंच्या खोलीत खुर्चीवर बसले तेव्हा त्यांचा चेहरा अगदी शांत होता. तो चेहरा मला पाठ होता. 'घरात विचार करून कळवतो' म्हणण्याआधीचा तो चेहरा. रुक्मिणी दाराजवळच्या बाकावर बसली होती.

आतून आवाज येत होते. बाई काहीतरी विचारत होत्या, सुगंधा उत्तर देत होती, मग बाई म्हणाल्या चूक, आणि सुगंधा म्हणाली पुस्तकात चूक आहे. पानं उलटली गेली. मग बाई हसल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या, तेव्हा ओरडायचं विसरल्या होत्या.

"मुलगी मला हवी," त्या म्हणाल्या. "फीचं मास्तर मला पत्रात बोललेत, ते जमेल. मला एकच विचारायचंय, ते प्रत्येक पालकाला विचारते. मुलीला इथं करमलं नाही तर तुम्ही काय करणार?"

तात्या हसले. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर कितीतरी आयांना दिलं होतं, रडणाऱ्या, पदरात तोंड लपवणाऱ्या. त्यांनी मान ताठ केली. "त्याचं काय आहे, बाई," ते कचेरीच्या मराठीत म्हणाले, "मुलीच त्या. पहिले चार दिवस रडतात. मग सवय होते."

"माका नाय झाली."

रुक्मिणी मोठ्यानं बोलली नव्हती. बाजारात आज काय मिळालं नाही ते घरी येऊन सांगावं, तसा आवाज होता.

तात्यांनी वळून पाहिलं. "काय गो?"

"सवय. माका नाय झाली, बाबा. इतकी वर्सां झाली, अजून नाय झाली. तुमी कधी इचारूक इलात नाय, मगे मी कोणाक सांगतलंय?"

 सुशीलाबाई घाटावरच्या, त्यांना आमची बोली येत नव्हती, पण त्या रुक्मिणीकडे बघत होत्या आणि त्यांना कळलं होतं. सुगंधा आईला चिकटून उभी राहिली. मला रडू आलं, आणि मी खिडकीतून बाहेर त्या सुताराकडे बघत राहिलो.

 तात्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, ते तिथंच राहिले. मग ते बाईंकडे वळले, आणि त्यांची कचेरीची मराठी त्यांना सापडेना.

"बाई, हिका करमला नाय... म्हणजे, हिला नाही करमलं, तर आम्हाला कोण सांगणार?"

"मी सांगेन. ती सांगेल. तुम्ही या ना, कधीही या, तुम्हीच विचारा तिला," बाई म्हणाल्या. "गणपतीला, दिवाळीला मुली घरी जातातच. आणि नाहीच जमलं तर घेऊन जा. शाळा आहे ही. इथून मुलगी परत नेता येते."

"परत नेता येते," तात्या म्हणाले.

"हो. का नाही?"

तात्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "नाव घाला." पहिल्याच बैठकीत. सही त्यांनी इतकी मोठी केली की लोके हे आडनाव कागदाच्या कडेला लागलं.

सुगंधाला आम्ही त्याच दिवशी तिथं ठेवली. ती रडली नाही. आई पाठ फिरवेपर्यंत ती बाईंना विचारत होती की इथं वर्तमानपत्र कुठलं येतं. रुक्मिणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग मागं वळून बघितलं नाही.

उतरत्या घाटात एस.टी.त तात्या माझ्या शेजारी होते आणि रुक्मिणी पुढच्या बाकावर. तात्या तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत होते. केस पुष्कळच पिकले होते. मी दोन-तीनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना ऐकू गेलं नाही. फोंड्याला गाडी थांबली. रुक्मिणी उतरली, तिला तिथून चालत जायचं होतं. आणि तिच्या मागोमाग तात्याही उतरले.

मी खिडकीतून बघतच राहिलो. जुळवलेल्या घरी तात्या पुन्हा म्हणून जात नसत. अक्षता पडल्या की मध्यस्थाचं काम संपलं, मग तिथं घुटमळू नये, असं ते सांगत, आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीतही त्यांनी तोच नियम ठेवला होता. बारशाला बाहेर अंगणात, खळ्यात बसून आले असतील, तेवढंच.

"खंय, बाबा?" रुक्मिणीनं विचारलं.

"तुज्या घराक."

"सासरे बोलतले. चेडू शाळेत ठेवलंव म्हणान."

"बोलांदेत."

"कित्याक येतास पण?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "तुजां घर बघूचां ऱ्हवलां आसा," ते म्हणाले.

ती चालू लागली. तात्या तिच्या मागून, थोडे मागं राहून, चालू लागले. कंडक्टरनं मला विचारलं, ते म्हातारे परत येणार आहेत का. मी नाही म्हणालो. त्यांचं तिकीट मिठबावपर्यंतचं काढलेलं होतं, ते तसंच फुकट गेलं.